बंद पडलेल्या मासिकातले लेख नेटवर टाकायचेत? आधी हक्क कुणाचा ते बघा

कोल्हापुरात पेठांतले जुने वाडे पाडून फ्लॅट उभे राहतायत आणि माळ्यावरचे मासिकांचे गठ्ठे थेट रद्दीच्या गाड्यावर जातायत. अशा वेळी कुणीतरी ते गठ्ठे घरी आणतो, स्कॅन करतो आणि नेटवर टाकायचं ठरवतो. हे काम फार मोलाचं आहे आणि ते अडू नये म्हणूनच हे लिहितोय. कारण ते अडतंच, आणि हमखास एकाच प्रश्नापाशी: कॉपीराइटचं काय? एकजण सांगतो, मासिकच बंद पडलं, आता कोण विचारतंय. दुसरा म्हणतो, संपादकांच्या मुलाला विचार, झालं काम. तिसरा म्हणतो, हात लावू नको, केस होईल.

आमच्याच पेठेतल्या छापखान्यातून पूर्वी निघणाऱ्या एका मासिकाचे अंक मी अशा तऱ्हेनं लोकांपुढे आणले. त्या कामात एक गोष्ट पक्की कळली, ती आधी सांगतो. मासिक बंद पडलं म्हणून लेखावरचा हक्क संपत नाही. आणि तो हक्क बहुतेक वेळा मासिकाकडे नसतोच, तो लेखकाकडे असतो. त्यामुळं परवानगी अंकाची घेऊन भागत नाही, लेखागणिक घ्यावी लागते.

हाताशी काय काय लागेल

- मासिकाचे जमतील तेवढे अंक. त्यातही दरवर्षीचा मार्चचा अंक (का, ते पुढं येईल)
- सूचीसाठी संगणकावर एक तक्ता
- लेखकांच्या निधनाच्या तारखा आणि त्यांचा पुरावा: मृत्यूचा दाखला, वृत्तपत्रातली निधनवार्ता किंवा कोशातली नोंद
- परवानगीपत्राचा नमुना, छापून
- वारसांच्या ओळखपत्राची प्रत. मृत्युपत्र केलेलं असेल तर त्याची प्रत
- कमीत कमी ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करता येईल असं यंत्र

१. आधी सूची करा, आणि ती लगेच टाका

परवानग्यांच्या मागं लागण्याआधी सगळ्या अंकांची सूची करा. महिना, वर्ष, पान, लेखाचं शीर्षक, लेखकाचं छापलेलं नाव, प्रकार (कथा, कविता, लेख, अनुवाद, पत्र, चित्र, फोटो) असे रकाने ठेवा. पुढं आणखी चार रकाने रिकामे सोडा: लेखकाचं निधन, हक्क कुणाकडे, परवानगी, शेरा.

ही सूची नेटवर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. अमुक महिन्याच्या अंकात अमक्यानं अमुक लेख लिहिला ही माहिती आहे आणि माहितीवर कुणाचा हक्क नसतो. हक्क असतो तो लेखकानं ती ज्या शब्दांत मांडली त्यावर. तुम्ही स्वतःच्या शब्दांत दोन ओळींचा गोषवारा दिलात तरी चालतं. माझ्या मते निम्मं काम इथंच होतं. अभ्यासकाला कुठल्या अंकात काय आहे हे कळलं की तो अंक शोधत येतो. शिवाय सूची बघून लेखकांची मुलं-नातवंडंच संपर्क करतात: ‘हे आमचे आजोबा!’ वारस हुडकायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

अंक अपुरे असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. १८५० पासूनची ती संस्था आहे. शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयही बघा. ग्रंथालयांना प्रत देण्याच्या कायद्यानुसार प्रकाशकांनी अंक पाठवले असतील तर मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही मिळू शकतील.

२. मार्चचा अंक उघडा

मासिकाचा मालक कोण, हे संपादकाच्या नावावरून ठरवू नका. संपादक वेगळा, प्रकाशक वेगळा, मुद्रक वेगळा आणि मालक चौथाच, असं कितीतरी मासिकांत असायचं. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक नियतकालिकाला फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागे. त्यालाच फॉर्म नंबर ४ म्हणतात. मार्चच्या अंकात शेवटच्या पानांवर कुठंतरी बारीक टायपात एक चौकट सापडेल. प्रकाशनस्थळ, प्रकाशनकाल, मुद्रकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. मग प्रकाशकाचं, संपादकाचं. आणि खाली मालकाचं नाव, शिवाय भांडवलात एक टक्क्याहून जास्त वाटा असलेल्या भागीदारांची नावं. शेवटी प्रकाशकाची सही. जाहिरातींच्या गर्दीत ही चौकट नजरेतून सुटते, पण तुमच्या कामाचं ते सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. एकाच वर्षाचं बघून थांबू नका, कारण मालकी मध्येच बदललेली असू शकते.

मालक एखादी व्यक्ती असेल तर तिचे वारस शोधा. सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात न्यासाच्या नोंदणी क्रमांकावरून सध्याचे विश्वस्त कळतात. मासिक बंद असलं तरी न्यास कागदोपत्री जिवंत असतो, आणि मग विश्वस्तांचा ठराव मागायचा. एकट्या अध्यक्षाच्या सहीवर थांबू नका.

३. लेखाचा हक्क कुणाकडे?

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याचं १७ वं कलम इथं कामाला येतं.

बाहेरच्या लेखकानं मासिकाला लेख पाठवला, तो छापून आला, मानधनाची मनिऑर्डर गेली. या व्यवहारात हक्क लेखकाकडेच राहिला. मासिकाला मिळाली ती छापण्याची मुभा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनंच द्यावा लागतो. मनिऑर्डरची पावती म्हणजे हक्क दिल्याचा कागद होत नाही. मासिकाच्या जुन्या फायलींत लेखकाच्या सहीचा करार निघालाच तर तो नीट वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात एक अट घातली आहे: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, ते करारात खास नाव घेतल्याशिवाय त्यात धरायचं नाही. १९६५ च्या करारात इंटरनेट कुठून असणार? असा कागद निघाला तरी लेखकाच्या वारसांची परवानगी घ्याच.

मासिकाच्या पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर वेगळा करार नसल्यास नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचे हक्क लिहिणाऱ्याचे. नेटवर टाकणं यातल्या कुठल्या खान्यात बसतं यावर वाद घालण्यापेक्षा दोघांचीही संमती घ्या.

संपूर्ण अंक जसाच्या तसा टाकायचा असेल तर आणखी एक थर येतो. कुठले लेख घ्यायचे, कशानंतर काय लावायचं ही निवड आणि मांडणी संपादनाचा भाग आहे आणि संकलनालाही कायदा संरक्षण देतो. म्हणून सुटा लेख टाकताना लेखकाची परवानगी पुरते. अख्खा अंक टाकताना मालकाचीही लागते.

लोक ज्या गोष्टी विसरतात त्या अशा:

- वाचकांची पत्रं. हक्क पत्रलेखकाचा. शिवाय जुन्या अंकांत पत्राखाली पूर्ण घरपत्ता छापायची पद्धत होती. तीच घरं अजून तिथं आहेत, माणसं राहतायत. पत्ते झाकून टाका.
- मुखपृष्ठं आणि चित्रं. चित्रकाराचा हक्क स्वतंत्र धरा. पैसे देऊन खास करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क काही वेळा करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्रकार आणि मासिक, दोन्हीकडं विचारा.
- जाहिराती. त्यातली चित्रंही कुणाची तरी असतात. एकेकटी जाहिरात वेगळी काढून मिरवू नका.
- अनुवाद. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. मूळ लेखकाचा हक्क एक आणि मराठी अनुवादकाचा दुसरा. रशियन कथा इंग्रजीवरून मराठीत आली असेल तर मधला इंग्रजी अनुवादक तिसरा. चेकॉव्ह १९०४ मध्ये वारला, पण त्याची कथा मराठीत आणणाऱ्या मास्तरांचा हक्क आजही शाबूत असू शकतो. नुसतं ‘आधारित’ लिहून मूळ लेखक गाळलेला असेल तर तो लेख शेवटासाठी बाजूला ठेवा.

४. मुदत मोजा

लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही ६० वर्षं निधनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. सोपा हिशोब असा: निधनाचं वर्ष अधिक ६१. जे वर्ष येईल त्याच्या १ जानेवारीला लेखन मोकळं. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून कुणीही छापावं.

कोल्हापूरचीच उदाहरणं घ्या. राजाराम कॉलेजात शिकवणारे कवी माधव जूलियन १९३९ मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालंय. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत हक्क आहे. ना. सी. फडके १९७८ मध्ये गेले, त्यांचा २०३८ अखेर. म्हणजे एकाच अंकात शेजारी शेजारी छापलेली कविता खुली आणि लघुनिबंध बंद, असं होऊ शकतं. अंक किती जुना याला महत्त्व नाही. १९३५ च्या अंकातला लेख विशीतल्या पोरानं लिहिला असेल आणि तो १९९५ पर्यंत जगला असेल, तर हक्क २०५५ संपेपर्यंत चालतो. ‘साठ वर्षांपूर्वीचा अंक आहे, म्हणजे खुला’ हा समज डोक्यातून काढून टाका.

दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखाला शेवटी जो गेला त्याच्या निधनाचं वर्ष धरायचं.

निनावी किंवा टोपणनावानं आलेल्या लेखाची मुदत प्रसिद्धीपासून मोजतात: पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. टोपणनावामागचा माणूस कोण हे जगाला कळलं असेल तर ही सवलत नाही. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते १९९९ मध्ये गेले, तेव्हा २०५९ संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. ‘एक भगिनी’, ‘करवीरवासी’ अशा सह्यांखालच्या लेखांना मात्र प्रसिद्धीच्या वर्षाचा हिशोब लागतो.

फोटोंचा नियम मध्येच बदललाय. जून २०१२ पर्यंत फोटोची मुदत प्रसिद्धीपासून मोजत; आता फोटोग्राफरच्या निधनापासून मोजतात. म्हणून १९५१ किंवा त्याआधी छापलेला फोटो मोकळा समजा. त्यानंतरच्या फोटोंसाठी फोटोग्राफर शोधा.

५. वारस हुडका

नामवंतांच्या तारखा मराठी विश्वकोशात मिळतात. पण छोट्या मासिकात लिहिणारे बहुतेक शाळामास्तर, कॉलेजचे प्राध्यापक, वकील, गृहिणी. त्यांच्यासाठी कोश उपयोगाचा नाही, माणसं उपयोगाची. पेठेतल्या जुन्या ग्रंथपालाला विचारा. शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिका चाळा. छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर कुठं भेटले तर त्यांच्याजवळ जरूर बसा. कोण लेख घेऊन यायचं, कुणाची मुलगी कुठं दिली, हे संपादकापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असतं. लेखकाचं एखादं पुस्तक अलीकडं पुन्हा छापलं असेल तर त्याच्या श्रेयनामावलीच्या पानावर सध्याच्या हक्कधारकाचं नाव असतं. प्रकाशकाला पत्र टाकलं की पत्ता मिळतो. निधनाचं वर्ष नक्की करायला महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातून दाखल्याची चौकशी करता येते, पण तारीख अंदाजे तरी माहीत हवी.

एक वारस भेटला म्हणजे काम झालं असं समजू नका. मृत्युपत्र नसेल तर स्वामित्वहक्क (म्हणजे कॉपीराइट) इतर मालमत्तेसारखाच वारसांत वाटला जातो. हिंदू लेखक असेल तर पत्नी, मुलगे आणि मुली सगळ्यांचा वाटा. ‘बहिणींची लग्नं झालीत, त्यांना कशाला विचारायचं’ असं भाऊ सांगेल. तरी विचारा. वडिलांच्या लेखनाची खरी काळजी मुलींनीच घेतलेली मी अनेक घरांत पाहिलीय, आणि कात्रणांच्या वह्याही त्यांच्याकडेच निघतात.

घरी जाताना त्या लेखाची स्वच्छ छापील प्रत घेऊन जा. परवानगीचा कागद पहिल्याच भेटीत पुढं करू नका. आधी लेख वाचू द्या.

६. परवानगी लेखीच घ्या

फोनवरचं ‘टाका की, आम्हाला आनंदच आहे’ मनाला बरं वाटतं, पण कायद्याला लेखी परवानगी लागते. साधा कागद चालेल. मजकूर साधारण असा ठेवा:

*‘आम्ही खाली सह्या करणारे, दिवंगत लेखक ……… यांचे सर्व कायदेशीर वारस आहोत. सोबतच्या यादीतील लेख मूळ पानांच्या प्रतिमा आणि टंकलिखित मजकूर या स्वरूपात इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचण्यासाठी ठेवण्याची परवानगी आम्ही ……… यांना देत आहोत. ही परवानगी संपूर्ण जगासाठी असून स्वामित्वहक्काच्या पूर्ण मुदतीपर्यंत आहे. एका वर्षात वापर न केल्यास ती रद्द होणार नाही. लेखांचे हक्क आमच्याकडेच राहतील आणि इतरांनाही परवानगी देण्यास आम्ही मोकळे आहोत. प्रत्येक लेखासोबत लेखकाचे नाव, मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष दिले जाईल.’*

जग, मुदत आणि एक वर्ष यांची वाक्यं गाळू नका. कायद्यात ठोकताळा असा आहे की मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वर्षभर हक्क वापरला नाही तर तो परत गेला असं धरतात. स्कॅन करून मजकूर तपासण्यात वर्ष सहज जातं.

विकिस्रोतावर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या परिवारातलं खुलं ग्रंथालय आणि चित्रांचा साठा) टाकायचं असेल तर हे पत्र पुरणार नाही. तिथं क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना लागतो की ज्यात कुणीही, अगदी विकण्यासाठीसुद्धा, मजकूर वापरू शकतो. वारसांना हे शब्दांत फोड करून सांगा आणि मगच सही घ्या.

७. कुणीच सापडलं नाही तर

कलम ३१-अ प्रमाणे लेखक हयात नसेल किंवा तो अथवा हक्कधारक सापडत नसेल तर प्रसिद्धीचा परवाना व्यावसायिक न्यायालयाकडं मागता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात तशी जाहीर सूचना द्यावी लागते, आणि न्यायालय ठरवेल ती रॉयल्टी भरावी लागते. पुस्तक काढायचं असेल तर हा रस्ता ठीक. दोन पानी लेखासाठी तो परवडत नाही.

मी असे लेख स्कॅन करून ठेवले, पण खुले केले नाहीत. सूचीत नोंद ठेवली, पुढं ‘हक्कधारकांचा शोध चालू’ लिहिलं. मूळ अंक सार्वजनिक ग्रंथालयाला दिले. ज्या अंकाची छापील प्रत ग्रंथालयाकडं आहे त्याची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवायला बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यानं मुभा आहे. ही मुभा जतनापुरतीच, नेटवर खुलं करायला नाही. लेखावर समीक्षा लिहिताना त्यातला गरजेपुरता उतारा देणं मात्र कुणालाही चालतं.

काही सवयी या कामात घातक ठरतात. ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. ‘हरकत असल्यास कळवावे, काढून टाकू’ ही तळटीप बचाव ठरत नाही. पैसे कमावत नाही म्हणून हक्कभंग होत नाही, हेही खरं नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड कायद्यात आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, एवढंच. व्हॉट्सॲपवरच्या मोठ्या गटात पीडीएफ फिरवणंही यातून सुटत नाही.

८. चढवताना

लेखकाचं नाव छापलं होतं तसंच द्या. मजकूर टंकताना शुद्धलेखनाचे नियम बदलण्याआधीचे, म्हणजे १९६२ पूर्वीचे अनुस्वार, जुनं ऱ्हस्वदीर्घ जसंच्या तसं ठेवा. लेख कापून छोटा करू नका, आज न पटणारी वाक्यं गाळू नका. लेखकाची बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर हक्क विकलेला असला तरी लेखक आणि त्याचे वारस कलम ५७ खाली दाद मागू शकतात. खिळ्यांच्या छपाईवर संगणकाची अक्षरओळख जोडाक्षरांत फार चुकते, म्हणून मूळ पानाची प्रतिमा शेजारी ठेवाच.

प्रत्येक लेखाखाली हक्काची स्थिती एका ओळीत लिहा: ‘लेखकाचं निधन १९५०, १ जानेवारी २०११ पासून खुला’ किंवा ‘वारसांच्या लेखी परवानगीनं’. परवानगीपत्रांच्या स्कॅन प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि एक जोड घराबाहेर.

कुणी हरकत घेतली तर लेख आधी उतरवा, मग बोला. समोरच्याचं नातं आणि हक्काचा कागद विचारा, तुमच्याकडचं पत्र दाखवा. बहुतेक वेळा एखाद्या वारसाची सही राहून गेलेली असते. ती घेतली की लेख पुन्हा चढवता येतो. वकिलाची नोटीस आली तर मात्र उत्तर स्वतः लिहू नका, तक्ता आणि पत्रं घेऊन वकिलाकडं जा.